जोडी लावण्याआधी घराणं तपासा: कुत्र्यांच्या खुब्याचा आजार आणि आनुवंशिकता

कोकणात मोठ्या जातीची कुत्री आता गावोगाव दिसतात. कुणी आंब्याच्या बागेत वानरं हाकायला पाळतं, कुणी होमस्टेच्या अंगणात, कुणी मुंबईची नोकरी संपवून गावी परतल्यावर सोबतीला. लॅब्राडोर सगळ्यांत जास्त, मग जर्मन शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हर, अधूनमधून एखादा रॉटवायलर. यातली बरीचशी पिल्लं दुकानातून येत नाहीत, ओळखीतून येतात. चिपळूणच्या मादीला दापोलीचा नर लावला, वेत झालं, नरवाल्याला ठरल्याप्रमाणे एक पिल्लू मिळालं, बाकीची नात्यागोत्यात गेली. मग कधीतरी त्यातलंच एखादं पडवीची पायरी चढताना थबकू लागतं, बसलेलं उठताना कण्हतं, आणि घरच्यांना वाटतं कुठेतरी पडलं असेल.

हा लेख जोडी लावणाऱ्यांसाठी आहे, तसाच पिल्लू घेणाऱ्यांसाठीही. आजाराचं नाव हिप डिसप्लेसिया. तो बराचसा रक्तातून येतो, आणि तरीही आई-बाप धडधाकट असताना पिल्लात उतरू शकतो. म्हणून ‘आई-बाप बघितले, दोघंही मस्त पळत होते’ एवढ्यावर विसंबू नका. त्या जोडीची भावंडं, आधीच्या वेतांतली पिल्लं, आजी-आजोबा यांचे खुबे कसे निघाले हे कळलं, तरच अंदाजाला काही अर्थ येतो. मोठ्या शहरात एका वेतातली पिल्लं कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. आपल्याकडे लागतो. कुणाचं पिल्लू कुणाच्या घरी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त ते कुणी लिहून ठेवत नाही.

खुब्यात काय बिघडतं

मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि तो गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. पुढे हा आजार होणाऱ्या पिल्लाचे खुबेही जन्मताना ठीकच असतात. बिघाड नंतर, पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सुरू होतो. सांधा धरून ठेवणारे बंध सैल राहतात, आणि पिल्लू पळायला लागलं की भार पडताना गोळा वाटीच्या काठाकडे सरकतो. वाढीच्या वयात हाडं अजून मऊ असतात. काठावर सतत दाब पडल्याने वाटी उथळ होते, गोळा चपटा होतो, मग कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत, लवचिक थर) झिजते आणि सांध्याभोवती नवं, खडबडीत हाड वाढू लागतं. तिथून पुढे संधिवात कायमचा.

अमेरिकन पशुवैद्य गेरी श्नेल यांनी १९३५ साली कुत्र्यांमधल्या या आजाराची पहिली नोंद केली. तेव्हापासून ग्रेट डेनपासून पगपर्यंत कितीतरी जातींत तो सापडला आहे. ग्रेहाउंडमध्ये मात्र तो जवळजवळ नाहीच.

लक्षणं बहुधा दोन वयांत दिसतात. पहिल्यांदा साधारण ५ ते १२ महिन्यांत: पिल्लू सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम उचलून पळतं, चालताना कंबर डुलते, खेळता खेळता मध्येच बसतं. दुसऱ्यांदा उतारवयात, झिजेमुळे. मधल्या काळात सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, सैलपणा थोडा आवरला जातो आणि बऱ्याच कुत्र्यांचं दुखणं कमी होतं. मालक म्हणतो, ‘काय नाय हो, लहानपणी लंगडायचा, आता बरा झालाय.’ नेमक्या याच वयात त्याची जोडी लावली जाते. कोकणात मी पाहिलेल्या वेतांत आजार पुढे सरकण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण आहे.

रक्तातून येतो म्हणजे कसा येतो

हापूसचं कलम लावलं की हापूसच येतो. कोय पुरली तर काय येईल ते सांगता येत नाही. झाड आईसारखं थोडं, परागकण ज्याचा पडला त्याच्यासारखं थोडं, आणि प्रत्येक कोयीचं वेगळं. कुत्र्याचं प्रत्येक पिल्लू कोयीचं असतं. कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीतलं कोणतं गुणसूत्र पिल्लाला जाईल हे दर खेपेला नव्याने ठरतं. एकाच वेतातल्या आठ पिल्लांचे खुबे आठ तऱ्हेचे निघतात ते याचमुळे. सर्वसाधारण जोडीत जातीतल्या एकूण आनुवंशिक फरकापैकी जवळजवळ निम्मा फरक एकाच वेतातल्या सख्ख्या भावंडांमध्ये सापडतो.

खुब्याचा आकार आणि बंधांचा सैलपणा ठरवायला एखाददुसरं नव्हे, अनेक जनुकं कारण असतात. प्रत्येकाचा वाटा छोटा, आणि एका जातीत जी महत्त्वाची ठरतात ती दुसऱ्या जातीत तितकी ठरत नाहीत. लॅब्राडोरमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा एक आजार आहे, पीआरसीडी-पीआरए. तो एकाच जनुकामुळे होतो, त्यामुळे त्याची डीएनए चाचणी कुत्रा निर्दोष, वाहक की बाधित हे थेट सांगते. खुब्याचं तसं नाही. एका थेंबावरून हो किंवा नाही सांगेल आणि एक्स-रेची गरज संपवेल अशी चाचणी नाही. पिल्लासोबत ‘डीएनए क्लिअर’ असा कागद मिळाला, तर तो नेमका कोणत्या आजारासाठी आहे ते वाचा.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. सदोष जनुकांचं ओझं एका मर्यादेपलीकडे गेलं आणि त्यात वजन, खाणं, फरशी यांची भर पडली की आजार उघड होतो. मर्यादेच्या जरा अलीकडे असलेले नर-मादी स्वतः आयुष्यभर ठीक राहतात. पण दोघांकडचं वाईट तेवढं एखाद्या पिल्लात एकत्र आलं, तर ते पिल्लू मर्यादा ओलांडतं. निरोगी आई-बापांना आजारी पिल्लू होतं ते असं, आणि लंगड्या आईला चांगलं पिल्लूही होऊ शकतं ते असंच.

किती भाग रक्ताचा आणि किती वाढवण्याचा? ब्रिटनमधल्या लॅब्राडोरना एक्स-रेवरून दिलेल्या खुब्याच्या गुणांवर केलेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा अंक ०.३५ च्या आसपास आला. म्हणजे कुत्र्या-कुत्र्यांतल्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भाग असा, जो पुढच्या पिढीत निवडीने बदलता येतो. इतर जातींत आणि इतर पद्धतींनी हा अंक ०.२ ते ०.६ असा कमी-जास्त येतो. अंक मध्यम आहे याचा अर्थ नीट समजून घ्या. आजार रक्तातला नाही असा तो नाही. एका कुत्र्याचा एक्स-रे त्याच्या रक्ताबद्दल अर्धवटच सांगतो, असा तो अर्थ आहे.

पहिलं काम: वही

मादी माजावर यायच्या आधी, खरं तर ती वर्षाची व्हायच्या आधी, वही करा. शाळेची शंभरपानी पुरे. दर कुत्र्याला एक पान: नाव, जन्मतारीख, आई, बाप, मायक्रोचिपचा नंबर, सध्या कुणाच्या घरी आहे, वर्षाच्या वयाचं वजन, एक्स-रेची तारीख, डाव्या खुब्याचा शेरा, उजव्या खुब्याचा शेरा (दोन्ही वेगळे), आणि लंगडणं पहिल्यांदा कधी दिसलं. तुमच्या मादीचं पान झालं की तिच्या आईचं, बापाचं, सगळ्या भावंडांचं. मग नराकडचं तसंच.

एक्स-रे झालेला नसेल तर रकाना कोरा ठेवू नका, ‘ठीक’ही लिहू नका. ‘एक्स-रे नाही’ असं स्पष्ट लिहा. कोरा रकाना पुढे वाचणाऱ्याला निरोगी वाटतो. ‘आमचा चांगला आहे’ असं फोनवर कुणी सांगितलं तर ‘मालकाच्या सांगण्यावरून’ अशी नोंद करा. भावंडांच्या घरी शक्य असेल तर स्वतः जा. गणपतीत किंवा शिमग्यात माणसं गावी असतात तेव्हा हे सहज जमतं. कुत्रं बसलेलं कसं उठतं ते बघा. निरोगी कुत्रं मागच्या पायांनी जोर लावून एका दमात उठतं. खुबा दुखणारं पुढचे पाय ताठ करून अंग आधी पुढे ओढतं आणि मागचा भाग नंतर वर येतो. उभं राहिल्यावर भार पुढच्या पायांवर, त्यामुळे छाती-खांदे भरलेले आणि मांड्या बारीक. हे बघायला डॉक्टर असावं लागत नाही.

नातेवाइकांच्या नोंदींना इतकं वजन का, याचं गणित आहे. आनुवंशिकतेचा अंक ०.३५ धरला, तर नराच्या स्वतःच्या एक्स-रेवरून त्याच्या रक्ताबद्दल जितकी खात्री मिळते, तितकीच खात्री त्याच्या साधारण सहा पिल्लांच्या एक्स-रेवरून मिळते, ती वेगवेगळ्या माद्यांपासूनची असली तर. वीस पिल्लांचे एक्स-रे जमले तर खात्री नराच्या स्वतःच्या एक्स-रेच्या कितीतरी पुढे जाते. ब्रिटनच्या केनेल क्लबने हीच कल्पना वापरून नातेवाइकांच्या सगळ्या गुणांवरून प्रत्येक कुत्र्याचं अंदाजित प्रजननमूल्य, म्हणजे ते पिल्लांना कसे खुबे देईल याचा अंदाज, काढायची सोय केली. आपल्याकडे तेवढा साठा नाही, पण एका तालुक्यातल्या चार-पाच घराण्यांचा साठा एका वहीत मावतो.

दुसरं काम: एक्स-रे, आणि तो नीट

जोडी लावायच्या प्रत्येक कुत्र्याचा एक्स-रे २४ महिने पूर्ण झाल्यावर काढा. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था १९६६ पासून हे काम करते आणि अंतिम दाखला २ वर्षांच्या आधी देत नाही. त्याआधी काढलेला एक्स-रे प्राथमिक म्हणून उपयोगाचा असतो. एक वर्षाचा असतानाच खुबा वाईट दिसला, तर पुढे थांबायचं कारण उरत नाही. मादी माजावर असताना, गाभण असताना किंवा पिल्लं पीत असताना एक्स-रे काढू नका. माजाच्या मागचे-पुढचे तीन-चार आठवडे टाळलेले बरे, कारण त्या काळात सांधा एरवीपेक्षा सैल दिसू शकतो.

हा एक्स-रे गुंगी दिल्याशिवाय नीट निघत नाही. कुत्रं उताणं झोपवून मागचे पाय सरळ मागे ओढायचे, समांतर ठेवायचे आणि गुडघे किंचित आत वळवायचे असतात. जागं कुत्रं हे करू देत नाही, आणि चार माणसांनी धरून काढलेला एक्स-रे पैसे वाया घालवतो. फिल्म हातात आली की तीन गोष्टी तुम्हीच बघा. मांडीची दोन्ही हाडं एकमेकांना समांतर आहेत का? गुडघ्याच्या वाट्या हाडाच्या मधोमध दिसतात का? कमरेच्या हाडातली दोन मोठी छिद्रं सारख्या आकाराची आहेत का? एक छिद्र मोठं आणि एक बारीक दिसत असेल, तर कुत्रं एका कुशीला कललेलं होतं. मग एक खुबा आहे त्याहून चांगला दिसतो, दुसरा वाईट. असा एक्स-रे परत काढून मागा, संकोच करू नका. आणि कुत्र्याचं नाव, तारीख, चिपचा नंबर फिल्मवरच आलेला असू दे. डिजिटल यंत्र असेल तर मूळ फाइल घ्या. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढे कुणालाही नीट वाचता येत नाही.

किनाऱ्यावरच्या बऱ्याच तालुक्यांत मोठ्या कुत्र्याला गुंगी देऊन असा एक्स-रे काढायची सोय अजून नाही, त्यामुळे प्रवास धरून चालायचं. सिंधुदुर्गातली मंडळी गोवा किंवा कोल्हापूर गाठतात. रायगडकरांना पनवेल-मुंबई जवळ. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं, आणि महाड-पोलादपूरकडच्यांना घाट चढून साताऱ्यातल्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंतही जाता येतं. निघण्याआधी फोन करून हाडांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. दोन-तीन घरांनी मिळून एक गाडी केली तर सगळ्यांनाच परवडतं, आणि भावंडांचे एक्स-रे एकाच हाताने, एकाच पद्धतीने निघतात. तुलनेला ते फार बरं.

आकडा कसा वाचायचा

जगात तीन-चार पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की घोळ होतो. अमेरिकन संस्था सात पायऱ्या देते: उत्कृष्ट, चांगला, बरा, सीमेवरचा, आणि मग सौम्य, मध्यम, तीव्र आजार. युरोपातली एफसीआय पद्धत ए ते ई अशी अक्षरं देते; ए निर्दोष, ई सर्वांत वाईट. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण, दोन्ही मिळून १०६ पर्यंत, आणि गुण जितके कमी तितकं चांगलं. इथे बेरजेवर जाऊ नका. डावा ३ आणि उजवा १५ असलेलं कुत्रं १८ म्हणून खपवलं जातं, पण त्याचा एक खुबा बिघडलेला आहे. अशा कुत्र्याला त्याच्या वाईट खुब्याने मोजावं, असं माझं ठाम मत आहे.

चौथी पद्धत पेनहिप, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. गेल स्मिथ यांनी विकसित केलेली. तीत खुबा किती सैल आहे हे ० ते १ मध्ये मोजतात आणि ती १६ आठवड्यांच्या पिल्लालाही करता येते. ०.३० च्या आत अंक असेल तर पुढे संधिवात होण्याची शक्यता फार कमी. ती करणारा डॉक्टर खास प्रशिक्षित असावा लागतो.

यातलं काहीच जवळ नसेल, तर पिल्लू चारेक महिन्यांचं झाल्यावर ओर्टोलानी तपासणी तरी करून घ्या. मारिनो ओर्टोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञांनी ती तान्ह्या बाळांसाठी सांगितली होती. पिल्लू गुंगीत असतं. डॉक्टर त्याचा गुडघा मुठीत धरून मांडी अंगाच्या दिशेने दाबतात. सांधा सैल असेल तर गोळा वाटीच्या काठावर चढतो. दाब तसाच ठेवून गुडघा हळूहळू बाहेर नेला की एका क्षणी गोळा परत वाटीत पडतो आणि हाताला ‘टक्’ असा ठोका लागतो. तो ठोका एकदा बोटांखाली लागला की विसरत नाही. मात्र मोठ्या कुत्र्यात तो लागला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. आवरण जाड झाल्यावर किंवा वाटीचा काठ झिजल्यावर तो नाहीसा होतो.

जोडी ठरवताना

पाटीवर हिशेब करून बघा. समजा एखाद्या जातीची सरासरी ब्रिटिश पद्धतीने १२ आहे. तुमच्या मादीचे गुण ८, नराचे ४. दोघांची सरासरी ६, म्हणजे जातीपेक्षा ६ गुणांनी चांगली. यातले ०.३५ पट, म्हणजे २.१ गुणच पिल्लांकडे जातील. पिल्लांची अपेक्षित सरासरी ९.९. सहाची जोडी लावून सहाची पिल्लं होत नाहीत, आणि या सरासरीभोवती एखादं पिल्लू २० चंही निघेल. हे आधी माहीत असलं की कुणी कुणावर फसवणुकीचा आळ घेत नाही.

पण पिढी दर पिढी हे साचत जातं. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या ‘द सीइंग आय’ या अमेरिकन संस्थेने नेटाने निवड केली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आकड्यांनुसार पाच पिढ्यांच्या आत आजाराचं प्रमाण जर्मन शेफर्डमध्ये ५५ वरून २४ टक्क्यांवर आणि लॅब्राडोरमध्ये ३० वरून १० टक्क्यांवर आलं. त्यांच्याकडेही जादूची चाचणी नव्हती. सगळ्या पिल्लांची तपासणी आणि सगळ्यांच्या नोंदी होत्या.

आपल्या वहीवरून ठरवायचं ते असं. स्वतः आजारी असलेलं कुत्रं जोडीतून बाद, मग ते दिसायला कितीही देखणं असो. स्वतः ‘बरा’ पण भावंडं सगळी ‘चांगली’, असं कुत्रं मी स्वतः ‘उत्कृष्ट’ पण दोन भावंडं लंगडी असलेल्या कुत्र्यापेक्षा पुढे ठेवीन. ज्या जोडीला आधीच्या वेतात आजारी पिल्लं झाली, ती जोडी पुन्हा लावायची नाही. आणि दोन्ही बाजू कमकुवत असलेलं लग्न टाळायचं: मादीचं घराणं सीमेवरचं असेल तर नराचं घराणं निर्विवाद हवं.

गावात एकच नामांकित नर असला की सगळे त्याच्याकडे जातात. तीन-चार वर्षांत त्याच्याच मुली त्याच्याकडे येऊ लागतात. बाप-मुलगी किंवा सख्खे बहीण-भाऊ यांच्या पिल्लांत अंतःप्रजननाचा गुणांक (एकाच पूर्वजाचं तेच जनुक पिल्लाला आई आणि बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता) २५ टक्के येतो, सावत्र बहीण-भाऊ असतील तर १२.५ टक्के. नर जिल्ह्याबाहेरचा आणा. भाडं जास्त पडेल, पडू दे. खुब्याच्या मागे लागून स्वभाव, डोळे, कोपरं विसरू नका, हेही इथेच सांगून ठेवतो.

‘गावठीशी संकर केला की आजार जातो’ असं खूप जण मानतात. संकराने अंतःप्रजनन कमी होतं हे खरं, पण खुब्यापुरती हमी मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात शुद्ध जातीच्या आणि मिश्र कुत्र्यांत या आजाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. लंगड्या लॅब्राडोरचं गावठीशी झालेलं पिल्लूही तपासूनच पुढे न्यावं.

कायद्याचं थोडं. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, मादी किमान १८ महिन्यांची हवी आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. एक्स-रेसाठी २४ महिने थांबलात तर वयाची अट आपोआप पाळली जाते.

पिल्लू घेणाऱ्याने काय मागावं

आई-बापाच्या एक्स-रेची फाइल आणि त्यावरचा चिपचा नंबर. आधीच्या वेतातल्या दोन-तीन मालकांचे फोन. एवढं मागितल्यावर जो माणूस चिडतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. जो म्हणतो ‘एक्स-रे नाही काढला, पण मागच्या वेताच्या घरी चला, दाखवतो’, त्याच्याबरोबर जा.

पिल्लू वाढवताना

रक्त बदलता येत नाही, पण त्या रक्तातून काय उघड होतं ते बरंचसं ताटलीवर ठरतं. पुरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्राडोर पिल्लं, एकाच वेतातल्या दोघा-दोघांच्या जोड्या करून, आयुष्यभर पाळली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्या गटाचं ११.२. खुब्यातला संधिवात एक्स-रेवर दिसण्याचं मध्यक वय भरपूर खाणाऱ्यांत ६ वर्षं होतं, कमी खाणाऱ्यांत १२. जोडी लावणाऱ्यांनी यातून वेगळा धडा घ्यायचा आहे: सडपातळ ठेवलेल्या नराचा सुंदर एक्स-रे त्याच्या मालकाच्या शिस्तीचाही असतो. जनुकं दोन्ही भावांची सारख्याच घराण्यातली. म्हणून वहीत वजनाचा रकाना.

बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. आपल्याकडे भात आणि माशाचं कालवण भरपूर घालतात, वर दूध-चपाती, आणि मग ‘हाडं मजबूत व्हायला’ कॅल्शियमचं औषध. मोठ्या जातीच्या पिल्लाला बाजारातलं संतुलित खाणं देत असाल तर वरून कॅल्शियम अजिबात देऊ नका. जास्तीचं कॅल्शियम वाढणारी हाडं बिघडवतं, आणि लहान पिल्लाला ते आतड्यातच अडवता येत नाही. याउलट नुसत्या भातावर आणि बिनकाट्याच्या मासळीवर वाढवलं तर कॅल्शियम कमी पडतं. घरचंच खाणं द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या.

जमिनीकडे बघा. नॉर्वेतल्या न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या जातींवरच्या २०१२ च्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांना धोका जास्त आढळला, आणि मोकळ्या, मऊ, उंचसखल जमिनीवर साखळीविना खेळणाऱ्यांना कमी. आपली जोती उंच, पाखाड्यांच्या पायऱ्या उभ्या. तीन महिन्यांपर्यंत पिल्लू उचलून न्या किंवा पायरीला फाटक लावा. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर त्याच्या वाटेवर काथ्याच्या चटया टाका. स्वस्त असतात आणि नखं रुततात. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर पळू देऊ नका. पुळणीवरचं, बागेतल्या पाचोळ्यातलं बागडणं उत्तम, पण चेंडूमागे पुन्हा पुन्हा झेप घ्यायला लावू नका. पोहणं खुब्यासाठी चांगलं. फक्त जागा निवडून: पावसाळ्यात समुद्र नको, आणि चिपळूणची वाशिष्ठी किंवा महाडची सावित्री तर नकोच, तिथे मगरी आहेत.

मोठ्या जातीची नसबंदी वर्षाच्या आत उरकू नका. गोल्डन रिट्रीव्हरवरच्या २०१३ च्या अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत खुब्याचा आजार नसबंदी न झालेल्या नरांच्या दुप्पट आढळला. योग्य वय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लंगडणं दिसलंच तर

आधी गोचीडताप तपासा. जूनपासून पुढे आपल्याकडे गोचीड माजतात, आणि त्या तापातही कुत्रं मागच्या पायांवर उभं राहायला नाखूश होतं, सांधे दुखतात. रक्ताची तपासणी आणि प्लेटलेट्स बघितल्याशिवाय ‘खुबा गेला’ असं ठरवू नका. उलटही होतं: दर पावसाळ्यात गोचीडताप म्हणून औषधं होतात आणि खुब्याचा एक्स-रे कधी काढलाच जात नाही. गुडघ्याची दोरी तुटणं आणि कण्याचे आजार हेही डॉक्टर वेगळे काढतील. घरातली माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

निदान लवकर झालं तर मार्ग जास्त. २० आठवड्यांच्या आत जघनाच्या हाडाचा वाढीचा भाग बंद करायची छोटी शस्त्रक्रिया करता येते, तिने वाटी गोळ्यावर नीट झाकत जाते. त्यानंतर, संधिवात सुरू होण्याआधी, वाटी फिरवण्याची शस्त्रक्रिया. पुढे गोळा काढून टाकणं किंवा पूर्ण सांधा बदलणं. बरीच कुत्री मात्र वजन आटोक्यात, रोजचं नेमकं चालणं आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं यांवर समाधानाने वर्षानुवर्षं जगतात.

लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या पिल्लाची नसबंदी योग्य वयात नक्की करा. मोठेपणी त्याचा एक्स-रे देखणा येतो आणि पुढचा माणूस फसतो. जनुकं तीच असतात. निदान झाल्या दिवशी मूळ घरी फोन करा, एक्स-रेची फाइल पाठवा, आणि त्या घरच्यांना ती सगळ्या भावंडांच्या मालकांना पाठवायला सांगा. फोन तक्रारीच्या सुरात नको, नाहीतर पुढच्या वेळी कुणी कळवणार नाही. भावंडं अजून वर्षाच्या आतली असतील तर त्यांचं वजन त्याच आठवड्यापासून कमी ठेवता येतं, आणि त्या मादीची पुढची जोडी ठरली असेल तर ती थांबवता येते.